एलबीएस रोडवरचा एक मॉल तुडुंब आणि दुसरा ओसाड, असं का होतं?

कुर्ल्याहून एलबीएस मार्गाने ठाण्याकडे निघालात (जुनी माणसं अजून आग्रा रोडच म्हणतात) तर मॉल मोजत मोजत जाता येतं. कुर्ल्याला फिनिक्स मार्केटसिटी, घाटकोपरला आर सिटी, कांजूरला हुमा, भांडुपला ड्रीम्स आणि मॅग्नेट, आणि मुलुंडला एकेकाळचा निर्मल लाइफस्टाइल आणि आर मॉल. एकच रस्ता, एकच सेंट्रल लाइन, साधारण सारखीच मध्यमवर्गीय वस्ती. तरी फिनिक्सला किंवा आर सिटीला शनिवारी संध्याकाळी पार्किंगसाठी रांग लागते, आणि भांडुपचा ड्रीम्स मॉल म्हटलं की लोकांना आधी आठवते ती आग.

मॉल ओस का पडले असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे, ऑनलाइन शॉपिंगने मारले. पण अ‍ॅमेझॉनचं पार्सल कुर्ल्यालाही येतं आणि भांडुपलाही, एकाच दिवशी, एकाच किमतीत. मग कुर्ल्याचा मॉल जगला कसा? ऑनलाइनमुळे फरक पडला हे खरंच आहे, पण आपल्याकडचे बरेचसे मॉल ज्या कारणाने मेले ते कारण अ‍ॅमेझॉन भारतात यायच्या आधीच, म्हणजे २०१३ च्या आधीच त्यांच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेलं होतं. ते कारण म्हणजे मॉलमधले गाळे सुटे सुटे करून विकणं. ह्या एका गोष्टीमुळे किती लोकांची आयुष्यभराची पुंजी अडकून पडली आहे ह्याचा विचार केला की वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मॉल चालतो कसा ते बघू, कारण बाहेरून तो नुसता दुकानं भरलेला एसी डबा दिसतो.

साध्या बाजारात प्रत्येक दुकानदार स्वतःच्या गिऱ्हाइकावर जगतो. मॉलमध्ये तसं नसतं. तिथे काही दुकानं माणसं आणतात आणि बाकीची दुकानं त्या आलेल्या माणसांवर जगतात. माणसं आणणाऱ्या मोठ्या दुकानाला ह्या धंद्यात अँकर म्हणतात. शॉपर्स स्टॉप, लाइफस्टाइल, पूर्वीचं बिग बझार, मल्टिप्लेक्स हे सगळे अँकर. अँकर भली मोठी जागा घेतो पण स्क्वेअर फुटाला भाडं बरंच कमी देतो, कारण त्याला माहीत असतं की मॉलला त्याची गरज जास्त आहे. त्याच्या शेजारचा छोटा मोबाइल कव्हरवाला किंवा कानातल्यांचा किऑस्क स्क्वेअर फुटाला त्याच्या कितीतरी पट भाडं देतो, कारण बिग बझारला आलेल्या माणसांपैकी थोडी जरी त्याच्याकडे थांबली तरी त्याचं भागतं. म्हणजे छोट्यांच्या भाड्यातून मोठ्याला सवलत जाते आणि मोठ्याच्या गर्दीतून छोट्याला धंदा मिळतो, आणि हे गणित जुळवायला वरती कुणीतरी एक माणूस बसलेला लागतो जो म्हणेल की तळमजल्याच्या ह्या कोपऱ्यात बुटांचं दुकान नको, तिथे कॉस्मेटिक्स पाहिजे, बूट पहिल्या मजल्यावर न्या.

हे असं ठरवण्याला टेनंट मिक्स म्हणतात आणि चांगल्या मॉलची निम्मी हुशारी त्यात असते. फूड कोर्ट आणि थिएटर जवळपास नेहमी सगळ्यात वर का असतात? कारण पिक्चरला आलेला माणूस वर जाताना आणि खाली येताना मधल्या मजल्यांवरून जातो. सरकते जिने पण बऱ्याचदा एकावर एक सलग न देता असे लावतात की पुढचा जिना गाठायला अर्धा मजला चालावं लागतं, आणि त्या चालण्यात दहा-पंधरा दुकानं डोळ्यासमोरून जातात.

भाड्याचंही एक वेगळंच गणित आहे. चांगल्या मॉलमध्ये ब्रँड नुसतं ठरलेलं भाडं देत नाही. एक किमान भाडं असतं आणि दुसरा विक्रीतला हिस्सा, म्हणजे समजा विक्रीच्या दहा टक्के, ह्यातलं जे जास्त असेल ते मॉलमालकाला मिळतं. ह्या एका कलमामुळे मॉलमालकाला दुकानदाराच्या विक्रीत रस राहतो. विक्री वाढली तर त्याचंही उत्पन्न वाढतं, म्हणून तो दिवाळीला लायटिंग करतो, ख्रिसमसला मोठं झाड उभं करतो, मुलांसाठी कार्यक्रम ठेवतो, टॉयलेट स्वच्छ ठेवतो. आर सिटीमध्ये २०१३ मध्ये किडझानिया आलं ते ह्याच हिशोबाने, मुलं चार-पाच तास आत खेळणार आणि आईबाबा तेवढा वेळ मॉलमध्येच असणार.

तर हा झाला चालणारा मॉल. एक मालक, दुकानं सगळी भाड्याने, आणि रोज सकाळी कालच्या विक्रीचे आकडे बघणारी मॅनेजमेंट.

आता थोडं मागे जाऊ. मुंबईत मोठ्या दुकानांची सुरुवात तशी उपनगरातूनच झाली, अंधेरीला शॉपर्स स्टॉप १९९१ मध्ये उघडलं होतं. पण मॉल म्हणून ज्याने शहर हलवलं तो १९९९ मधला ताडदेवचा क्रॉसरोड्स. तिथे सुरुवातीला एवढी गर्दी उसळली की आत जायला मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरा, असा नियम काढला होता, आणि त्यावरून खूप टीका झाली. मग उपनगरांची पाळी आली. मुलुंडचा निर्मल लाइफस्टाइल २००३ च्या सुमाराचा, मालाडचा इनऑर्बिट २००४ चा. निर्मल ज्यांनी भरात असताना बघितलाय त्यांना तो विसरता येणार नाही, कारण तो डबाबंद नव्हता, वरून उघडा होता, मोकळ्या हवेत रस्त्यावरून फिरल्यासारखं फिरायचं आणि दोन्ही बाजूंना ब्रँड. ठाणे, डोंबिवली, कल्याणहून लोक रविवारी खास तिथे यायचे, काही न घेता नुसते फिरून आणि काहीतरी खाऊन जायचे. ज्या रस्त्यावर तोपर्यंत सीएट, एशियन पेंट्स, जीकेडब्ल्यू असल्या कारखान्यांच्या भिंती आणि ट्रक एवढंच बघायला मिळायचं तिथे हे आलं म्हणजे काय वाटलं असेल बघा.

आणि इथेच जमिनीचा मुद्दा येतो. एलबीएस रोड हा कारखान्यांचा पट्टा. एकेक कारखाना बंद होत गेला किंवा बाहेर गेला आणि जमीन मोकळी होत गेली. कामगारांनी व्हीआरएस घेतली, बिल्डरांनी जमिनी घेतल्या, टॉवर उठले, आणि टॉवरच्या पुढ्यात रस्त्याला लागून मॉल. २००३ ते २००८ ह्या काळात मॉलची एवढी हवा होती की ज्याने आयुष्यात फक्त फ्लॅट बांधून विकले होते तो बिल्डर पण मॉल काढायला लागला. आता फ्लॅटचा बिल्डर कसा विचार करतो? बुकिंग घ्या, त्या पैशात बांधा, विका, पुढच्या प्लॉटवर जा. मॉलचं गणित ह्याच्या बरोबर उलटं आहे. मॉल बांधायला सगळा पैसा आधी घालावा लागतो, कर्जाचं व्याज चालू होतं, आणि भाडं यायला लागून मॉल सेट व्हायला काही वर्षं जातात. एवढं थांबायची ताकद किंवा इच्छा सगळ्यांकडे नव्हती. म्हणून सोपा रस्ता काढला, मॉलचे गाळे पाडा आणि फ्लॅटसारखे विकून टाका. बिल्डरचे पैसे मॉल उघडायच्या आधीच वसूल.

घेणारे कोण होते? आपल्यासारखेच लोक. डॉक्टर, दुबईला नोकरी करणारे, रिटायर्ड बँकवाले, आणि कारखान्यातून व्हीआरएस घेतलेले. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी भांडुपच्या एका कारखान्यातून बाहेर पडल्यावर हातात आलेल्या पैशातला मोठा भाग पूर्व उपनगरातल्या अशाच एका मॉलमधल्या गाळ्यात घातला. मॉलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कागदावर गाळा जवळजवळ ४०० स्क्वेअर फूट, आत उभं राहून बघितलं तर २०० पण भरत नाही, कारण पॅसेज, जिने, लिफ्ट, एट्रियम (मॉलच्या मधला उंच मोकळा चौक) ह्या सगळ्यातला वाटा त्या चारशेमध्ये धरलेला. काकांना वाटलं ठीक आहे, मॉलमध्ये असंच असतं. त्या काळी अशा गाळ्यांच्या जाहिरातीत अ‍ॅश्युअर्ड रिटर्न हा शब्द हमखास असायचा, म्हणजे पहिली काही वर्षं बिल्डर स्वतः तुम्हाला ठरावीक टक्के देणार. बँकेच्या एफडीपेक्षा जास्त व्याज आणि वर जागा आपल्या नावावर. नको कोण म्हणेल?

मग काय झालं? मॉल उघडला तेव्हा सगळं छान होतं. गडबड झाली ती दुसरीकडे. शंभर गाळ्यांचे शंभर मालक, आणि प्रत्येकाला आपल्या गाळ्याचं भाडं लवकरात लवकर चालू करायचं. ज्याला ब्रँड मिळाला त्याने ब्रँडला दिला, ज्याला नाही मिळाला त्याने जो येईल त्याला दिला. त्यामुळे कपड्यांच्या ब्रँडच्या बाजूला मोबाइल रिपेअरिंग, त्याच्या पलीकडे इन्शुरन्स एजंटचं ऑफिस, समोर ट्यूशन क्लास. ह्या धंद्यांत वाईट काहीच नाही, पण इन्शुरन्सच्या ऑफिसात आलेला माणूस काम झालं की सरळ खाली जातो, तो शर्ट बघायला थांबत नाही. म्हणजे ज्या गर्दीवर छोटी दुकानं जगणार ती गर्दी तयारच होत नाही.

मोठ्या ब्रँडची अजून एक अडचण असते. त्याला पाच हजार फूट सलग जागा हवी. एकाच मालकाचा मॉल असेल तर मधल्या भिंती पाडून देतात आणि विषय संपतो. इथे पाच हजार फूट म्हणजे वीस-पंचवीस मालक. त्यातला एक बडोद्याला, एक अमेरिकेत, एकाचा भावाशी वाद चालू, आणि एकजण अडून बसलेला की माझा गाळा कोपऱ्यावरचा आहे, मला जास्त भाडं पाहिजे. ब्रँडचा माणूस दोन मीटिंगला येतो आणि मग आर सिटीला जाऊन एकाच टेबलावर सह्या करून टाकतो.

आणि सगळ्यात मोठा घाव बसतो तो मेंटेनन्सच्या पैशांचा. मॉलचा कॉमन खर्च अफाट असतो, एसीचे चिलर, सरकते जिने, लिफ्ट, जनरेटर, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, फायर सिस्टिम. हा खर्च दुकानं भरलेली असोत की रिकामी, फारसा कमी होत नाही, कारण एट्रियम थंड ठेवायचा म्हणजे पूर्णच थंड ठेवायला लागतो.

समजा ३०० गाळ्यांचा मॉल आहे आणि महिन्याचा कॉमन खर्च ६० लाख. प्रत्येकी २०,००० आले. आता १०० मालकांचे गाळे भाड्याने गेलेच नाहीत, ते म्हणतात उत्पन्नच नाही तर मेंटेनन्स कुठून भरू, आणि माणूस म्हणून त्यांचंही चुकत नाही. मग जमा होतात ४० लाख. राहिलेल्या २०० जणांवर पूर्ण बोजा टाकला तर प्रत्येकी ३०,००० होतात, आणि हे ऐकून त्यातले अजून ५० जण भरायचं बंद करतात, की मग उरलेल्या १५० जणांवर ४०,०००. एवढे पैसे कोणीच भरत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात काय होतं तर खर्च कापायला सुरुवात होते. आधी एसी दुपारी बंद, फक्त संध्याकाळी चालू. मग वरच्या मजल्याचा सरकता जिना बंद, त्याला साखळी. मग निम्मे दिवे. मग हाउसकीपिंगची माणसं कमी, टॉयलेटला कुलूप. आणि गिऱ्हाईक हे सगळं एका चकरेत ओळखतं. ज्या मॉलमध्ये घाम येतो आणि टॉयलेट बंद आहे तिथे माणूस बायकामुलांना घेऊन परत जात नाही.

काकांबरोबर त्या मॉलमध्ये गेलो होतो तेव्हा हे सगळं एकाच मजल्यावर बघायला मिळालं. दुसऱ्या मजल्यावर एका ओळीत बंद शटर, प्रत्येक शटरच्या फटीत वीजबिलं आणि नोटिसा खोचलेल्या, काही इतक्या जुन्या की कागद पिवळा पडलेला. एका शटरवर भाड्याने देणे आहे म्हणून रंगाने नंबर लिहिलेला, त्यावर काट मारून खाली दुसरा नंबर, त्याखाली तिसरा. त्या मजल्यावर चालू काय होतं तर एक दहावीचे क्लासेस आणि एक टेलर, आणि टेलरने स्वतःच्या खर्चाने पॅसेजमध्ये एक ट्यूबलाइट लावली होती, कारण कॉमन लाइटची वाट बघून तो कंटाळला होता. काकांनी आपलं शटर उघडलं, आत जाऊन पाच मिनिटं उभे राहिले, भिंतीला ओल आली होती ती हाताने बघितली आणि परत बंद केलं. त्यांचा राग राग झालेला बघायची माझी तयारी होती. ते काहीच बोलले नाहीत, फक्त खाली आल्यावर वॉचमनला विचारलं की ह्या महिन्यात तरी पगार मिळाला का.

अशी इमारत फक्त पैशाच्या दृष्टीने वाईट नसते, ती धोक्याची पण होते, आणि हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ड्रीम्स मॉलमध्ये हजारच्या आसपास गाळे होते, वेगवेगळ्या मालकांचे. कारभारावरून वाद होऊन प्रकरण कंपनी लवादापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये तिथे प्रशासक नेमला गेला. त्याच मॉलच्या वरच्या मजल्यावर पुढे हॉस्पिटल चालू झालं, कोविडच्या काळात. २५ मार्च २०२१ ला मध्यरात्रीच्या सुमारास खालच्या मजल्यावर आग लागली, धूर वर गेला आणि हॉस्पिटलमधल्या किमान १० पेशंटचा जीव गेला. कोणाची किती चूक हे ठरवायचं काम तपास यंत्रणांचं आणि कोर्टाचं. पण स्प्रिंकलर, पंप, अलार्म, मोकळे जिने ह्या गोष्टी कुणा एका गाळेवाल्याच्या नसतात, सगळ्यांच्या असतात, आणि जिथे सगळ्यांच्या वस्तूचे पैसे गोळा होत नाहीत तिथे ह्याच गोष्टी आधी बंद पडतात, एवढं समजायला तपासाच्या अहवालाची वाट बघायला नको.

आता तुम्ही म्हणाल की सुटे गाळे विकणं एवढं वाईट असेल तर स्टेशनबाहेरची शॉपिंग सेंटरं कशी चालतात? तिथेही प्रत्येक गाळ्याचा मालक वेगळाच असतो. बरोबर आहे, आणि म्हणूनच फरक नीट समजून घ्यायला हवा. स्टेशनबाहेरच्या दुकानाला गर्दी रेल्वे आणून देते, फुकट. एसी नाही, सरकता जिना नाही, कॉमन खर्च म्हणजे झाडू आणि दोन दिवे. शेजारचा गाळा बंद असला तरी आपल्या धंद्याला फारसा धक्का नाही कारण गिऱ्हाईक रस्त्यावरून सरळ आपल्याकडे येतं. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्याला ह्यातलं काहीच लागू नाही. तिथपर्यंत माणूस आणायला कुणीतरी सतत खटपट करावी लागते, आणि गाळे विकल्यावर ती खटपट करणारा निघून गेलेला असतो. सोसायटीचा बिल्डर ताबा देऊन गेला तरी लोक घरात राहतातच, कारण घर ही गरज आहे, मॉलला असं रोज यायचं बंधन कुणावरच नाही.

बाकीची कारणं पण आहेत, ती थोडक्यात सांगतो. एक म्हणजे मॉलचीच गर्दी झाली. २००९ मध्ये घाटकोपरला आर सिटी आणि ठाण्याला कोरम, २०११ मध्ये कुर्ल्याला फिनिक्स, २०१३ मध्ये ठाण्याला विवियाना. मुलुंडला दोन्ही बाजूंनी मोठे आणि नवे मॉल आले, त्यात मेट्रो चारच्या कामाने एलबीएस रोड वर्षानुवर्षं खोदलेला, मग ठाण्याहून मुलुंडला फिरायला कोण येणार? निर्मलची ती रविवारची गर्दी अशीच पांगत गेली. दुसरं म्हणजे किराणा मॉलच्या बाहेर गेला. डीमार्टचं पहिलं दुकान पवईला २००२ मध्ये निघालं आणि त्यांचा भर पहिल्यापासून स्वतःच्या जागेवर, त्यांना मॉलची गरजच पडली नाही. मध्यमवर्गाची महिन्याची खरेदी जशी डीमार्टकडे गेली तसा मॉलमधल्या हायपरमार्केटचा दर महिन्याला हमखास येणारा माणूस कमी झाला, आणि आता तर किराणा मोबाइलवरून मागवला की दहा मिनिटांत घरी येतो.

तिसरं, कोविड. मार्च २०२० मध्ये मॉल बंद झाले ते महाराष्ट्रात ५ ऑगस्टला उघडले, तेही थिएटर आणि फूड कोर्ट सोडून, म्हणजे माणसं आणणाऱ्या दोन गोष्टी बंदच. २०२१ मध्ये परत तेच. ज्या मॉलच्या मालकाकडे ताकद होती त्याने दुकानदारांना भाड्यात सूट दिली आणि धरून ठेवलं. सुट्या मालकांच्या मॉलमध्ये कोण कोणाला सूट देणार, प्रत्येकाचा हप्ता चालू.

आणि चौथं, अँकरच बुडाला. बिग बझार चालवणारा फ्युचर ग्रुप कर्जात गेला, दुकानांची भाडी थकली, आणि २०२२ च्या सुरुवातीला रिलायन्सने बिग बझारच्या बऱ्याच जागा आपल्याकडे घेतल्या. जिथे जागा चांगली होती तिथे काही महिन्यांत दुसरा बोर्ड लागला. जिथे मॉल आधीच धापा टाकत होता तिथे तळमजल्यावरचं ते मोठं शटर बंद झाल्यावर वरच्या छोट्यांना काही आशाच उरली नाही. परदेशात तर बऱ्याच भाडेकरारांत कलमच असतं की अँकर गेला तर आमचं भाडं कमी करा नाहीतर आम्हीही जातो.

नाईट फ्रँक ह्या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या पाहणीत, ज्या मॉलची चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी आहे त्यांना घोस्ट मॉल म्हटलंय, आणि २०२३ मध्ये देशातल्या आठ मोठ्या शहरांत असे ६४ मॉल निघाले, मुंबईतले त्यात १०. त्याच काळात चांगल्या मॉलचं मात्र उलट चाललंय. मे २०२३ मध्ये नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट नावाचा मॉलचा ट्रस्ट शेअर बाजारात आला, ज्यात नेरुळजवळच्या सीवूड्स स्टेशनवरचा मॉल आहे. म्हणजे आज सामान्य माणूस अशा मॉलच्या भाड्यातला छोटा हिस्सा डीमॅट खात्यात घेऊ शकतो, विकू शकतो. काकांना खरं म्हणजे हेच हवं होतं, मॉलच्या भाड्यातला हिस्सा. त्यांना मिळाला भिंतींचा तुकडा.

एक मालक असला म्हणजे मॉल वाचतोच असं मात्र नाही, हे पण सांगायला हवं. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या उपनगरात रँडल पार्क नावाचा मॉल १९७६ मध्ये उघडला, तेव्हा तो जगातल्या सगळ्यात मोठ्या मॉलपैकी होता आणि ज्या गावात तो होता तिथली लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. तिथे दुकानं विकायची पद्धत नव्हती. तरी आजूबाजूची वस्ती बदलली, नवे मॉल आले, मोठी डिपार्टमेंट स्टोअर एकेक करून बंद पडली आणि २००९ मध्ये मॉल बंद झाला. पुढे तो पाडला आणि २०१८ मध्ये तिथे अ‍ॅमेझॉनचं भलं मोठं गोदाम सुरू झालं. पण पाडता तरी आला, जमिनीचं दुसरं काहीतरी झालं, लोकांना कामं मिळाली. तिकडेही अँकर दुकानं बऱ्याचदा आपापल्या इमारतीची मालक असायची आणि त्या चार-पाच मालकांना एकत्र आणायलाच काही ठिकाणी वर्षं गेली. आपल्याकडे चार-पाच नाहीत, शेकडो आहेत.

म्हणून सुट्या मालकांच्या मॉलवर उपाय काय ह्यावर फिरून फिरून एकच गोष्ट पुढे येते. सगळ्यांनी आपापले गाळे एकाच ऑपरेटरला लांब मुदतीच्या कराराने द्यायचे, त्याने भिंती हव्या तशा पाडायच्या, अँकर आणायचा, आणि येणारं भाडं क्षेत्रफळाप्रमाणे वाटून घ्यायचं, मग तुमचा गाळा कोपऱ्यावरचा असो की जिन्याखालचा. किंवा सगळ्यांनी मिळून पूर्ण इमारत एकाला विकायची, मुंबईत जमिनीलाच एवढा भाव आहे की गिऱ्हाईक मिळू शकतं. दोन्हीला बहुतेक सगळ्यांच्या सह्या लागतात. तळमजल्याचा मालक म्हणतो माझं दुकान चालू आहे, मी तिसऱ्या मजल्याच्या भावाने वाटणी का घेऊ, आणि तिसऱ्या मजल्याचा म्हणतो मी पण तेवढेच पैसे मोजलेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि त्यामुळेच सुटत नाही.

तुम्हाला आज कुणी मॉलमधला किंवा नव्या टॉवरखालच्या दोन-तीन मजली रिटेलमधला गाळा दाखवत असेल तर रिटर्न किती हे विचारायच्या आधी हे विचारा की किती टक्के जागा बिल्डर स्वतःकडे ठेवणार आहे आणि किती वर्षं, दुकान कोणाला द्यायचं हे ठरवायचा हक्क कोणाकडे, कॉमन खर्च रिकाम्या गाळ्याने भरला नाही तर तो कोण भरणार, आणि हे सगळं अ‍ॅग्रीमेंटमध्ये कुठल्या कलमात आहे. कलम दाखवता आलं नाही तर उठून या. अ‍ॅश्युअर्ड रिटर्नबद्दल फक्त एवढंच, की तो परतावा बऱ्याचदा तुमच्याकडून जास्त घेतलेल्या किमतीतूनच तुम्हाला परत दिला जातो, मुदत संपेपर्यंत.

काकांच्या मॉलमध्ये गाळेवाल्यांची संघटना झाली आहे. एक ऑपरेटर खालचे दोन मजले घ्यायला तयार आहे, फर्निचरचं मोठं दुकान करायला. दोन मजल्यांवरच्या बऱ्याच मालकांच्या सह्या झाल्यात, काही परदेशात आहेत त्यांना ईमेल गेलेत, आणि काही गाळ्यांचे मूळ मालक वारलेत, वारसांची नावं लागायची आहेत. काकांचा गाळा दुसऱ्या मजल्यावर आहे, ह्या सौद्यात तो येत नाही, तरी संघटनेच्या कागदांच्या झेरॉक्स आणि वारसांना फोन करायचं काम त्यांनीच घेतलंय.